निकाली निघालेल्या फाइली

आपल्या प्रशासनाला 'निकाली' या शब्दाइतके समाधान दुसरा कोणताही शब्द देत नाही. अपघातग्रस्त कामगाराचा नुकसानभरपाईचा दावा आला, सुनावणी झाली, रक्कम वाटली गेली, फाइल अभिलेखागारात गेली आणि मासिक विवरणपत्रात एक आकडा वाढला. कामगाराचा हात कोणत्या यंत्रात व कसा सापडला हे त्या फाइलीत लिहिलेले असते. पण ते वाचण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही, आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखालील दाव्यात कामगाराचे वय, वेतन, काम, अपघाताची जागा व कारण, मालक आणि ठेकेदार हे सारे येत असे. इजेचे मापही अनुसूचीतच होते : अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेतील घट 30 टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर 14. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हाती ठेवून चालत नसे, ती आयुक्ताकडेच जमा करावी लागे. म्हणजे साक्षीपुराव्याने तपासलेली नोंद आपोआपच तयार होत होती. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अपंगत्व-लाभाच्या नोंदींचेही असेच.

याउलट देशातील औद्योगिक अपघातांचे जे आकडे छापले जातात, ते मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांनी स्वतः दिलेल्या सूचनांवर उभे असतात. ज्याच्यावर खटला होऊ शकतो त्यानेच वर्दी द्यायची! बांधकामे, वीटभट्ट्या आणि चार-सहा माणसांची वर्कशॉपे तर त्या हिशेबात येतच नाहीत. भरपाई मागणारा मात्र पोटाच्या गरजेने येतो, त्याला अपघात लपवण्यात काहीच स्वारस्य नसते.

काही सहकारी म्हणतात की बहुसंख्य जखमी दावाच करीत नाहीत, मग हे आकडे काय कामाचे? आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. ज्या जिल्ह्यात शेकडो दगडखाणी आहेत आणि दावे शून्य, तेथे निरीक्षकाने आधी जावे, एवढे तरी हा शून्य सांगतोच.

व्यवसायजन्य रोगांबाबत परिस्थिती अधिक गंभीर आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरकडील आदिवासी गुजरातेत गोधरा-बालासिनोर भागातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले, सिलिकोसिस घेऊन परतले आणि आपापल्या गावी मेले. धूळ एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात. ते मृत्यू गावोगाव फिरून मोजले कार्यकर्त्यांनी. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानने 2019 च्या धोरणात प्रमाणपत्र मिळताच 3 लाख आणि मृत्यूनंतर आणखी 2 लाख रुपये ठरवले, तेव्हा सिलिकोसिसचे रुग्ण हजारोंनी नोंदले गेले. (पैसा आला की खोटे अर्जही येतात. ते छाननीने वगळावेत, नोंदवही बंद करून नव्हे.)

1995 च्या दुरुस्तीने दावेदाराला आपल्या राहत्या जागी दावा दाखल करण्याची मुभा मिळाली. ही सुधारणा उत्तम, पण तिचा एक परिणाम कोणी लक्षात घेतला नाही. सुरतेच्या यंत्रमागावर जखमी झालेला ओडिया कामगार गंजाम जिल्ह्यात परतून दावा करील, तर त्या मागाची माहिती ओडिशात राहील आणि सुरतेच्या निरीक्षकाला तिचा पत्ताही नसेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. आयुक्ताच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' आला. नियम नव्याने लिहिण्याची हीच वेळ आहे. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक निकाली दाव्यावर एक पान भरावे : यंत्र किंवा पदार्थ, शरीराचा भाग, कामाचे स्वरूप, आस्थापनेचे नाव व ठिकाण. ते पान अपघात जेथे घडला त्या राज्याच्या निरीक्षणालयाकडे जावे आणि वर्षाअखेरीस नावे वगळून प्रसिद्ध व्हावे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात भरपाईच्या दाव्यांवरून धोक्याचे व्यवसाय हुडकणारे संशोधन पथक 1990 पासून कामगार खात्यातच आहे. आपल्याला तूर्त पथकही नको. निकालपत्र टंकलिखित करणाऱ्या लिपिकाची दहा मिनिटे आणि 'हे आमच्या अधिकारक्षेत्राबाहेरचे' असा शेरा न मारणारा एक अधिकारी, इतके पुरे.