डबीतल्या कोळंबीवर कासव वाढत नाही

ईदी जमली की मुलांची पावलं माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानाकडे वळतात. परत येताना हातात प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यात नाण्यापेक्षा जरासं मोठं हिरवं कासव. सोबत सुक्या कोळंबीची एक डबी. "रोज दोन-चार टाका, बस्स," असं दुकानदार सांगतो. काही महिने पिल्लू खातं, पोहतं. मग डोळे सुजतात, पाठ मऊ पडते, खाणं सुटतं. घरातली मंडळी म्हणतात, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. वाचकहो, तेवढं नव्हतं. नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. म्हणून या महिन्यात त्याच्या खाण्याविषयी आम्ही दोन शब्द लिहीत आहोत.

आधी कासव ओळखा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते 'रेड इअर्ड स्लायडर', मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, पाण्यात राहणारं. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असेल तर ते आपल्याकडचं स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी दिलं तरी घेऊ नका. घरात आलंच असेल तर वनखात्याला कळवा. पुढची माहिती लाल पट्ट्याच्या कासवाची आहे.

पिल्लाची पाठ आणि हाडं झपाट्यानं वाढत असतात. त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं. नुसत्या सुक्या कोळंबीनं पोट भरतं, पोषण होत नाही. काही घरांत प्रेमानं खिमा किंवा चिकनचे तुकडे घालतात. पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. मग शरीर ते कॅल्शियम हाडांतूनच ओढून घेतं आणि पाठ मऊ पडते. भाकरी, पाव, दूध, शेव, मसाल्याचं उष्टं यातलं काहीही घालू नका.

मग द्यायचं काय? रोजच्या खाण्याचा पाया म्हणून कासवांसाठी मिळणारे चांगल्या प्रतीचे दाणे ठेवा. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा गांडूळ किंवा गोड्या पाण्यातली लहान मासळी, काट्यासकट बारीक करून द्या. पिल्लाला मांसाहार जास्त लागतो. वाढत्या वयाबरोबर ते पाल्याकडे वळतं. पण पाल्याची सवय लहानपणीच लावावी. जास्वंदाची कोवळी पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा थोडा थोडा पाण्यावर टाका. पहिले काही दिवस ते तोंड लावणार नाही, तरी टाकत राहा. गाजर-भोपळ्यातून जीवनसत्त्व अ मिळतं. ते कमी पडलं की डोळे सुजतात. पालक मात्र टाळा. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

कॅल्शियमसाठी सोपा उपाय म्हणजे समुद्रफेस, म्हणजेच माकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड. लोक ते पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, कासव हवं तेव्हा कुरतडतं.

पण उन्हाशिवाय हे कॅल्शियमही वाया जातं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन पुरत नाही, कारण त्यातले कामाचे किरण काच अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटं उघड्या टबमध्ये ठेवा. अर्ध्या टबवर सावली हवी आणि कावळ्या-मांजरांवर नजर हवी. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, पाणी तापून पिल्लू दगावतं. टाकीत एक दगडही हवा, ज्यावर चढून ते अंग कोरडं करू शकेल.

किती द्यायचं? पिल्लाला रोज एकदा, त्याच्या डोक्याएवढं. हे कासव घास पाण्यातच गिळतं, म्हणून खाणं पाण्यातच द्या. वेगळ्या टबमध्ये भरवलं तर राहत्या टाकीचं पाणी लवकर घाण होत नाही. आपल्याला पाहून ते धडपडत पुढे येतं, म्हणजे भुकेलंच आहे असं नाही. पाठ बोटानं दाबली जाऊ लागली किंवा डोळे उघडेनात, तर घरगुती औषध न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

मुलांच्या अम्मींसाठी एक खास गोष्ट. कासव निरोगी दिसलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. याच कारणानं अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली. कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, आणि त्याचा टब स्वयंपाकघरातल्या मोरीत घासायचा नाही.

दोन इंचांचं हे पिल्लू पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं. तेव्हा टाकी अपुरी पडते आणि लोक ते जवळच्या तळ्यात सोडून येतात. सुटका केल्याचं समाधान मिळतं खरं, पण तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं. तळ्यात सोडू नका, सांभाळू शकणारं घर शोधा. आणि अजून विकत घेतलं नसेल, तर आधी हिशेब करा. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा तिशीत पोचेल, तेव्हाही या कासवाला कुणीतरी रोज खाऊ घालत असलं पाहिजे. घरात तशी तयारी असेल तरच दुकानात जा.