विश्लेषण : दोन दिवसांच्या सहलीत टँडम उड्डाण बसवायचे कसे?

पावसाळा सरला की मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची पावले कामशेतकडे वळतात. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी लोणावळा, रविवारी सकाळी पवना धरण आणि परतताना ‘जमलेच तर’ पॅराग्लायडिंग, असा अनेकांचा बेत असतो. हा ‘जमलेच तर’च खरा धोक्याचा आहे. उड्डाण दहा-वीस मिनिटांचे असले तरी त्याचे वेळापत्रक पर्यटक ठरवत नाही, वारा ठरवतो.

टँडम म्हणजे काय? हँग ग्लायडिंगपेक्षा ते वेगळे कसे?

टँडम म्हणजे एकाच पंखाखाली दोघांचे उड्डाण. प्रशिक्षित पायलट आणि त्याला जोडलेला प्रवासी. हँग ग्लायडरला अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्रिकोणी पंख असतो, त्यात माणूस पालथा लटकतो. पॅराग्लायडरला सांगाडाच नसतो. कापडी कप्प्यांत हवा भरली की त्याचा पंख होतो आणि त्याखाली हार्नेसमध्ये बसून उडता येते. तो पाठीवरच्या पिशवीत मावतो, म्हणून आपल्याकडे सहलीत मिळते ते बहुधा टँडम पॅराग्लायडिंग. मात्र हवेचे नियम दोन्हींना सारखेच लागू होतात.

सहलीत उड्डाण कधी ठेवावे?

पहिल्याच सकाळी. मुंबईहून कामशेत सुमारे ११० किलोमीटर, पुण्याहून सुमारे ४५. पुणे-लोणावळा लोकलही तिथे थांबते. शनिवारी सकाळी वारा नसला, तर संध्याकाळ हाताशी असते. तीही गेली तर रविवारची सकाळ उरते. म्हणजे एका उड्डाणासाठी तीन संधी. तेच उड्डाण रविवारी दुपारी ठेवले, तर संधी एकच राहते आणि परतीची घाई मानगुटीवर बसते. उड्डाण लहान असले तरी टेकडीवर जाणे, वाऱ्याची वाट पाहणे आणि परत येणे यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात कोणी ‘खास सवलत’ देत असेल, तर ती नाकारलेलीच बरी.

वाऱ्याचे एवढे महत्त्व का?

पॅराग्लायडर वाऱ्याच्या समोर तोंड करून उडवतात. टेकडीवर आदळून वर चढणारा वारा पंखाला उचलतो. टेकडीच्या मागच्या बाजूला हाच वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि पंख मिटवू शकतो. त्यामुळे वाऱ्याची दिशा बदलली की टेकडी बदलावी लागते, किंवा थांबावे लागते. दुसरा मुद्दा वेगाचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ताशी २० किलोमीटरवरून २८ वर गेला, तर आकड्यात फरक आठचाच दिसतो, पण पंखावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत अनुभवी पायलटला हवेसे वाटतात, पहिल्यांदा उडणाऱ्याला मात्र ते हेलकावे सोसत नाहीत. म्हणून नवख्यांसाठी सकाळ किंवा संध्याकाळ बरी.

अपघात कुठे होतात?

गोव्यात पेडणे तालुक्यातील केरी येथे १८ जानेवारी २०२५ रोजी पुण्याहून आलेली पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट असे दोघेही मृत्युमुखी पडले. पोलिसांनी व्यवसाय चालवणाऱ्यावर गुन्हा दाखल केला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये हिमाचल प्रदेशातील कुलूत महाराष्ट्रातील एक पर्यटक टँडम उड्डाणादरम्यान खाली पडून दगावला, पायलट मात्र सुखरूप उतरला. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली हँग ग्लायडरला प्रवाशाचा हार्नेस जोडायचाच राहून गेला. दोन मिनिटांहून अधिक काळ तो हातांनी लटकत राहिला आणि मनगट मोडून वाचला. ही शेवटची चूक ना वाऱ्याची होती, ना यंत्राची. उडण्यापूर्वी एक तपासणी राहिली, एवढेच.

प्रवाशाने काय तपासावे?

दोन्ही मांड्यांचे पट्टे आणि छातीचा पट्टा लागला आहे ना, प्रवाशाचा हार्नेस दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडून कड्या बंद झाल्या आहेत ना, हे पायलटला बोट ठेवून दाखवायला सांगावे. राखीव पॅराशूट आहे का, हे विचारावे. हेल्मेट मापाचे असावे, बूट घोटा सांभाळणारे असावेत, चप्पल नको. वजन खरे सांगावे. प्रत्येक टँडम पंखाची दोघांच्या मिळून वजनाची मर्यादा ठरलेली असते. पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे लपवू नये. गर्भवतींनी उड्डाण टाळावे. आदल्या रात्री पार्टी झाली असेल, तर सकाळचे उड्डाण रद्द करावे. टेक-ऑफच्या वेळी पाय जमिनीवरून सुटेपर्यंत धावत राहायचे, मध्येच बसायचे नाही. प्रवासी विमाही वाचून घ्यावा, अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

व्यावसायिक निवडताना काय पाहावे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. बुकिंगच्या आधीच नोंदणी क्रमांक मागावा. पायलट कोण, त्याला टँडमचा अनुभव किती, हे विचारण्यात संकोच नको. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच : हवामानामुळे उड्डाण रद्द झाले, तर पैसे परत मिळतील का?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कारण इथे पैसा आणि सुरक्षितता आमनेसामने येतात. पैसे परत मिळणार नसतील, तर पर्यटक ‘एवढ्या लांबून आलोय, काहीतरी करा’ म्हणून अडून बसतो. उड्डाण झाले तरच पायलटला मोबदला मिळणार असेल, तर त्यालाही ‘आज नको’ म्हणणे परवडत नाही. दोघांची घाई एकत्र आली की वाऱ्याच्या मर्यादेत ‘थोडीशी’ सूट दिली जाते. म्हणून नोंदणीच्या अटींतच दोन गोष्टी सक्तीच्या व्हायला हव्यात. हवामानामुळे रद्द झालेल्या उड्डाणाचे पूर्ण पैसे परत, आणि उड्डाण झाले नाही तरी पायलटला दिवसाचे किमान मानधन. यामुळे दर थोडे वाढतील, पण ती वाढ योग्यच. पर्यटक पैसे मोजतो ते उडण्यासाठी, तसेच कधी उडू नये हे ओळखणाऱ्या माणसाच्या निर्णयासाठीही.

तोवर निर्णय पर्यटकाच्याच हाती आहे. उड्डाण सहलीच्या सुरुवातीला ठेवावे, पर्यायी बेत आधीच ठरवावा. कार्ले आणि भाजे लेणी कामशेतपासून जवळ आहेत. वारा फिरला, तर त्या पायऱ्या चढून रविवारी घरी परतता येते. टेकडी कुठे जात नाही, पुढच्या शनिवारीही ती तिथेच असते.