वेग हवा, पण कोणता?

महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारगाडीवर लेख? असा प्रश्न संपादक मंडळाला पडला असेल, तर तो रास्तच आहे. या पानांतून निसर्ग, मैत्री, हुंडा, बेकारी अशा विषयांवर लिहायचे, असा आपला प्रघात. परंतु मधल्या सुट्टीत सायकल-स्टँडपलीकडे एखादी लाल रंगाची, बुटकी, घुमणाऱ्या आवाजाची गाडी येऊन थांबली, की तिच्याभोवती कला शाखेची निम्मी मुले गोळा होतात, हेही खरे. ज्या विषयावर आपण रोज तासन् तास बोलतो, त्यावर कधी विचार करून लिहू नये, असे थोडेच आहे?

शिवाय हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. माझे वडील सातवीपर्यंत शिकले. राजगुरुनगरजवळ रस्त्याकडेला त्यांचे लहानसे गॅरेज आहे. थोरला भाऊ आय.टी.आय. करून चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कायम झाला. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि घरासाठी चारचाकी घेण्याची ऐपत येणारा दादा पहिला. ऐपत आली तसा वादही आला. दादाला हवी होती जोरकस गाडी. वडील म्हणाले, "अरे, चारचाकी घरासाठी घ्यायची की शर्यतीसाठी?" मी मधे. दोन्ही बाजू ऐकून माझे जे मत झाले, तेच इथे मांडतो.

आधी ही जात कोणती ते पाहू. मागचे दार वर उघडणारी, वेगळी डिकी नसलेली आटोपशीर गाडी म्हणजे हॅचबॅक. अशा साध्या गाडीत दमदार इंजिन बसवायचे आणि किंमत मात्र सामान्य माणसाच्या हाताशी ठेवायची, ही कल्पना जगभर रुजवली ती जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. ती १९७६ साली विक्रीला आली. इंजिन १.६ लिटरचे, शक्ती ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो. आठवडाभर कामावर जायचे, भाजी आणायची, आणि रविवारी त्याच गाडीने डोंगरातल्या वळणांचा आनंद घ्यायचा. दोन गाड्या परवडत नाहीत अशा माणसाची ही गाडी होती. गंमत अशी, की याच गोल्फ जीटीआयची आजची पिढी २०२५ साली भारतात आली, तेव्हा तिची किंमत सुमारे ५३ लाख रुपये होती. सामान्यांसाठी निघालेली गाडी सामान्यांपासून किती दूर गेली!

मग आपल्याकडे काय? आपल्याकडच्या गाड्या करांच्या चौकटीत घडल्या आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कराची सवलत मिळत आली. पुढे जीएसटीतही ही रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के कर आहे, बाहेरच्या गाडीवर ४० टक्के. म्हणून आपल्या जोरकस हॅचबॅकचे इंजिन एक किंवा सव्वा लिटरच्या आसपास असते आणि उणीव भरून काढायला त्यावर टर्बो बसवलेला असतो. बाहेर वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते, ते इंजिनात जादा हवा कोंबते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते.

या वर्गात प्रयत्न पुष्कळ झाले. रांजणगावला तयार होणाऱ्या फियाट पुंटोची १४५ अश्वशक्तीची 'अबार्थ' आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिचे इंजिन १.४ लिटरचे, म्हणजे सवलतीच्या रेघेबाहेरचे. २०१७ मध्ये बलेनो आरएस आली, २०१८ मध्ये टियागो जेटीपी. तिन्ही आज इतिहासजमा आहेत. आमच्या शेजारी चाकणला तयार होणारी पोलो २०१० मध्ये बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. कौतुक करणारे हजार आणि विकत घेणारे थोडे, अशी या गाड्यांची कहाणी. यावरून वडिलांनी निष्कर्ष काढला, की लोक शहाणे आहेत. मला तसे वाटत नाही. लोकांनी या गाड्या फक्त आकड्यांवरून जोखल्या, असे मला वाटते.

२०२४ च्या दिवाळीत दादासमोर नव्या गाड्यांपैकी तीन होत्या. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन : एक लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक केलेले सस्पेन्शन. टाटा अल्ट्रोझ रेसर : त्याच वर्षी जूनमध्ये आलेली, १.२ लिटर टर्बो, तीही १२० अश्वशक्तीची. मागे साधे ड्रम ब्रेक, पण दारे काटकोनात नव्वद अंश उघडतात, आणि मूळ अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळालेले. तिसरी मारुती स्विफ्ट : टर्बो नाही, ८२ अश्वशक्ती, पण वजनाला हलकी आणि पेट्रोल कमी पिणारी. याशिवाय वडिलांच्या ओळखीने कळलेली एक जुनी पोलो : २०२१ ची, एक लिटर टर्बो, ११० अश्वशक्ती, सहा गिअरची.

मुले यांची तुलना कशी करतात? शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, आणि शेवटचा वेग किती. आता प्रामाणिकपणे सांगा, चाकण चौकात शून्यापासून शंभर गाठायला जागा आहे का? द्रुतगती महामार्गावर सपाटीलाच मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण भांडतो, तो आपल्या रोजच्या आयुष्यात कधी येतच नाही.

पण म्हणून जोर निरर्थक ठरत नाही. इथे मी वडिलांच्या विरोधात आहे. गाडीत अश्वशक्तीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट असते, ती म्हणजे टॉर्क. आपल्या भाषेत चाकाला मिळणारा पीळ. एन लाइनचा १७२ न्यूटन-मीटरचा पीळ इंजिनाच्या १५०० फेऱ्यांपासून मिळतो. रेसरचा १७० आणि पोलोचा १७५ साधारण १७५० फेऱ्यांपासून. स्विफ्टचा ११२ आहे, आणि तो पूर्ण मिळायला इंजिन ४३०० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. याचा अर्थ काय? शिक्रापूर रस्त्यावर पुढे कंटेनर रखडत चालला आहे, समोरचा रस्ता क्षणभर मोकळा झाला आहे. पीळ लवकर देणारी गाडी गिअर न बदलता पुढे सरकते आणि लगेच आपल्या बाजूला परत येते. दुसऱ्या गाडीला एक किंवा दोन गिअर खाली घ्यावे लागतात, इंजिन ओरडते, आणि तेवढे सेकंद आपण चुकीच्या बाजूला असतो. दादा रोज रात्रपाळीला याच रस्त्याने जातो. त्याच्यासाठी पिकअप ही चैन नव्हे. घाटात चार माणसे बसवून चढतानाही हाच पीळ कामाला येतो.

मात्र दादाच्याही विरोधात मला दोन शब्द सांगायचे आहेत. गाडी पळते किती, याच्याआधी ती थांबते किती अंतरात, हे पाहावे. ताशी ६० च्या वेगाने जाताना एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते, १०० च्या वेगाने जवळजवळ २८ मीटर. पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. पुढे वेग दुप्पट झाला, की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. हे आपण शाळेतच शिकलो, परीक्षा झाली आणि विसरलो. चार चाके रस्त्याला टेकतात ती प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेवर. टायर गुळगुळीत झाले असतील, तर १२० अश्वशक्ती काय कामाची? माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये गाडीवर पट्टे ओढायला, आवाजाचा सायलेन्सर बसवायला मुले येतात. टायर बदलायला सांगितले, की म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू."

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, रोज ५० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे १२५० किलोमीटर झाले. गर्दीत टर्बो गाडी जोरात दामटली आणि अ‍ॅव्हरेज १२ वर आले, तर १०४ लिटर पेट्रोल लागेल. तीच गाडी किंवा दुसरी एखादी १८ चे देत असेल, तर ६९ लिटर. फरक ३५ लिटरचा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर असताना हा फरक साडेतीन हजारांवर जातो. आमच्या घरी तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो. त्यावर कर्जाचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग. हप्त्याच्या ओझ्याने ज्याची झोप उडाली, त्याला वळणावरचा आनंद कुठून मिळणार?

तिसरी गोष्ट मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडली नाही. ती आईने दाखवली. आम्ही दोन गाड्या चालवून पाहायला गेलो, तेव्हा आई मागच्या सीटवर होती. पहिल्या खेपेला दादाने गाडी अशी काढली, की विक्रेताही खूश झाला. परत आलो तेव्हा आई पदर तोंडाला लावून उतरली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. ती म्हणाली, "गाडी चांगली आहे रे, पण माझ्यासाठी नाही." दादाचा चेहरा उतरला. ज्या आईने त्याच्या डब्यासाठी पहाटे साडेचारला उठून वर्षे काढली, तिच्यासाठी घरातली पहिली गाडी नसेल, तर मग ती कोणासाठी? दुसऱ्या खेपेला त्याने गाडी शांतपणे चालवली. जोर तोच, पण पाय हलका. आई काही बोलली नाही. आमच्या घरी आईचे न बोलणे म्हणजे पसंती.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले. रोजच्या वापराची जोरकस गाडी मागच्या सीटवर बसून निवडावी. स्पीडब्रेकरवर पाठीला धक्का किती बसतो, आजीला चढता-उतरता येते का, ब्रेक लावल्यावर मान पुढे जाते का, हे तिथूनच कळते. यात सगळे गुण एका गाडीत मिळत नाहीत. दारांचा विचार केला तर रेसर, ब्रेकचा केला तर एन लाइन, खर्चाचा केला तर स्विफ्ट. आपल्या घराला कोणता गुण सोडून चालणार नाही, हे आधी ठरवावे. मग गाडी आपोआप ठरते.

आमच्या घराला कर्ज मोठे नको होते आणि शिक्रापूर रस्त्यासाठी पीळ हवा होता. म्हणून दादाने जुनी पोलो घेतली. तिची मागची सीट अडचणीची आहे, हे मी लपवत नाही. आई हसून म्हणाली, "माझी उंची ती केवढी!" आजी पुढे बसते. एअरबॅग दोनच आहेत, ही उणीवही मान्य. पण त्याच कुळातले एक लिटरचे इंजिन चाकणला बनणाऱ्या व्हर्टस आणि टायगुनमध्ये आजही बसते, त्यामुळे इंजिनाच्या कामाची वडिलांना धास्ती वाटली नाही. त्यांनी गाडी घेण्याआधी दोन दिवस ती उलटीपालटी करून पाहिली. वाचलेल्या पैशांतून पहिल्याच आठवड्यात चार नवे टायर आणि पुढचे ब्रेक पॅड घातले. पट्टे ओढले नाहीत.

शेवटी एक बोचणारी गोष्ट. नातेवाइकांपैकी एकाने ऐकवले, "गॅरेजवाल्याच्या पोराला टर्बो कशाला? साधी घ्यायची." साधी गाडी घेणे शहाणपणाचे असेलही, पण आनंद ही फक्त श्रीमंतांची मिरास आहे, हे मी मानणार नाही. ज्याने चाकणच्या शेडमध्ये आठ-आठ तास उभे राहून गाड्यांचे भाग घडवले, त्याला चांगले चालणारे यंत्र स्वतःच्या हाताने चालवण्याची हौस असू नये काय? हौस जरूर असावी. तिची किंमत मात्र मागे बसलेल्याने भीतीने आणि घराने उपासाने मोजू नये, एवढेच.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या नोकरीला लागतील आणि घरातली पहिली गाडी घेतील. तेव्हा शोरूममध्ये एकटे जाऊ नका. आईला बरोबर न्या, आणि ती मागे बसल्यावरच किल्ली फिरवा. मागच्या महिन्यात आम्ही नारायणगावहून रात्री परत येत होतो. गाडी बऱ्यापैकी वेगात होती. खेडच्या अलीकडे मी मागे वळून पाहिले, तर आई झोपली होती.

— द्वितीय वर्ष, कला