माल कोणत्या अवयवाचा?

नवी मुंबईत वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे 5 बाजार आहेत. त्यांतून एक फेरी मारली, तर मूळ, खोड, पान, फूल, फळ आणि बी हे वनस्पतीचे सहाही अवयव विक्रीस मांडलेले आढळतात. झाडावर असताना अवयव जे काम करतो, त्यावर त्याचे गोदामातील आयुष्य बरेचसे अवलंबून असते. मालात भांडवल गुंतविणाऱ्याने म्हणून ही ओळख करून घ्यावी.

मूळ झाडाला जमिनीत धरून ठेवते आणि पाणी व क्षार शोषते. गाजर व रताळे यांसारखी मुळे अन्नाची शिल्लकही सांभाळतात. खोड पाणी वर नेते आणि पानांत तयार झालेले अन्न सर्वत्र पोहोचविते. बटाटा मातीत वाढतो, तरी तो खोडच आहे. त्याचे ‘डोळे’ म्हणजे खोडावरील कळ्या. आले, हळद आणि सुरण हीही खोडेच. दालचिनी ही झाडाची आतील साल. कांदा मात्र पानांच्या जाड, अन्नाने भरलेल्या बुडख्यांचा बनतो; खोड म्हणजे त्याच्या तळाची लहानशी चकती.

पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून ते अन्न बनविते. त्यासाठी असलेल्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफही बाहेर पडते. जुडी उपटली की पाण्याची आवक थांबते, खर्च मात्र चालू राहतो. सकाळची मेथी सायंकाळी मान टाकते, ती यामुळेच.

फुलाचे काम बीजधारणेचे. लवंग ही न उमललेली कळी, तर केशर म्हणजे फुलातील 3 नाजूक तंतू. फळ बियांचे रक्षण व प्रसार करते; वांगे, मिरची, भेंडी ही त्या अर्थाने फळेच आणि धने-जिरेही सुकलेली फळेच. बी म्हणजे पुढील पिढीचा गर्भ आणि त्याची शिदोरी. डाळी, मोहरी, जायफळ ही बीजे ओलाव्यापासून जपली तर दीर्घकाळ टिकतात, कारण वाट पाहणे हाच बीजाचा धर्म.

बटाटा गोदामातही श्वास घेत असतो. उबेत त्याला कोंब फुटतात. उजेडात तो हिरवा पडतो व त्यात अपायकारक द्रव्य वाढते. म्हणून त्याला अंधार आणि गारवा हवा. नीट सुकविलेला रब्बी कांदा हवेशीर चाळीत काही महिने राहतो. खरीप कांदा तितका टिकत नाही.

जैन घरांत कंदमुळे वर्ज्य मानताना मूळ आणि खोड असा भेद केला जात नाही. जमिनीखालील अनंतकाय जीवांचा विचार तेथे प्रधान असतो. ओले आले न घेणाऱ्या अनेक घरांत सुंठ व सुकी हळद मात्र चालते. ओल्या आल्याला कोंब फुटू शकतो, सुंठेला नाही. हळदीचे कंद तर काढणीनंतर शिजवून वाळविले जातात.

पोत्यातील माल अजून जिवंत आहे की नाही, हे ओळखून त्याची साठवण करावी. नासाडी कमी होईल आणि भांडवलही राखले जाईल.