वही आमची, कुलूप कुणाचं?

भाची सातवीत आहे. घाटकोपरच्या एका इंग्रजी शाळेत आरटीईच्या २५ टक्क्यांतून लागलेली. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, ती एक शाळा नालायक, आणि सुटलात.

तर या शाळेत वह्या कमी झाल्यात. नोट्सचं अ‍ॅप आलंय. बाई शिकवतात ते त्यात, गृहपाठ त्यात, दर शुक्रवारी पोरांनी 'मनातलं' लिहायचं तेही त्यातच. बाईंची स्वतःची टिपणंही तिथंच, पोरागणिक एक पान. एक दिवस ही पानं बाईंच्या हातून अख्ख्या वर्गाला शेअर झाली. भाचीच्या पानावर होतं : एससी. झोपडपट्टी. घरी अभ्यासाचं वातावरण नाही. फार अपेक्षा ठेवू नये.

अर्ध्या तासात पानं गायब. पण तोवर कुणीतरी फोटो काढला होता. रात्री तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत भाची एकटी.

ताई शाळेत गेली. साहेब म्हणाले, चुकून झालं, टेक्निकल प्रॉब्लेम.

कुठली चूक, साहेब? बटण दाबलं ती? आणि त्या ओळी लिहिल्या ती चूक नव्हे? बटण दाबलं नसतं तर त्या ओळी तशाच राहिल्या असत्या, पुढच्या वर्षी पुढच्या बाईंना मिळाल्या असत्या. पोरीने हात वर केला तरी बाईंची नजर तिच्यावरून पुढे सरकली असती, आणि आम्ही म्हणत बसलो असतो, पोरगी अभ्यासात मागे का पडते? त्या बटणाने आमच्यावर उपकारच केले म्हणायचे!

मित्रांनो, एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला सवर्ण पोरं धावली होती. शंभर वर्षं उलटून गेली. फळा गेला, पडदा आला. डबे उचलणारे हात तेच. फरक एवढाच, तेव्हा डबे खडखडले, सगळ्यांना ऐकू आलं. आता आवाज होत नाही.

हे सातवीवर थांबत नाही. पवईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ ला दर्शन सोळंकी हा अठरा वर्षांचा आपला पोरगा गेला. घरचे म्हणाले, जातीने छळलं. संस्थेच्या समितीने ते नाकारलं. आणि त्याच वर्षी त्याच संस्थेने नियम काढला : कुणी कुणाला जेईईचा रँक विचारू नये, कारण त्यावरून जात ओळखतात. एक साधा आकडा, पण जात हुंगणाऱ्याला तेवढा पुरतो. मग आमच्या पोरांचं नाव, पत्ता, बापाचा धंदा, फी-माफी, मनातलं, सगळं एका जागी रचून ठेवलं तर काय होईल?

आमच्यातलाच एकजण म्हणाला, प्रायव्हसी हे पांढरपेशांचं खूळ. दहा बाय दहाच्या खोलीत सातजण झोपतो, आपल्याला कसली प्रायव्हसी? आणि जय भीम छातीवर लिहून फिरतो, लपवायचंय काय?

गड्या, जय भीम मी छातीवर लिहितो तो माझ्या हाताने. पाठीला लेबल दुसरा चिकटवतो. गळ्यात मडकं नि कमरेला झाडू आपल्या पूर्वजांनी हौसेने बांधला नव्हता. कुणाला काय सांगायचं हे मी ठरवणार, एवढीच ती प्रायव्हसी. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. तो टॉवरवाल्यांच्या पोरांपुरता नाही.

दुसरे शहाणे म्हणतात, मग रजिस्टरमधून जातच काढून टाका. वा! शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची ती नोंदच जातीच्या दाखल्याला, पडताळणीला पुरावा लागते. ती गेली की शिष्यवृत्तीला, राखीव जागेला सुरुंग. नोंद हवीच. पण ती हक्कासाठी, कार्यालयाच्या कपाटात. वर्गातल्या बाईंच्या मोबाईलवर नको, कंपनीच्या संगणकात नको.

सरकारची तऱ्हा बघा. २०१५ मध्ये सरल आणलं, मग प्रत्येक पोराला बारा आकडी अपार. कागदावर ऐच्छिक. ताईने संमतीपत्रावर सही केली तेव्हा 'नाही' म्हणता येतं हे तिला कुणी सांगितलं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलं : अठराखालच्या मुलांवर पाळत नको, आईबापांची संमती घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यांत शाळांना शिक्षणाच्या नि सुरक्षेच्या नावाखाली पाळतीची सूट. वर बहुतेक कलमं लागू करायला दीड वर्षाची मुदत. पुढच्या दाराला कडी, मागचं दार सताड उघडं.

कंपन्याही काही साव नाहीत. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांतली दीडशेहून जास्त शिक्षणाची अ‍ॅपं नि साइटी तपासल्या. दहातल्या जवळपास नऊ मुलांच्या हक्काला धोका देणाऱ्या निघाल्या. आपलं सरकारी दीक्षाही त्या तपासणीत होतं. फुकट मिळतं म्हणून खूश होऊ नका. वेठबिगारीत मजुरी मिळत नव्हती, पण काम कुणाचं तरी होतच होतं.

यंत्र फोडा, असं मी म्हणत नाही. चरख्याच्या भजनापुढे यंत्राची बाजू बाबासाहेबांनीच घेतली होती. भाची तेच अ‍ॅप रात्री कानाला लावून धडा पुन्हा ऐकते. घरात इंग्रजी सांगणारं कुणी नाही, पावसात वह्या भिजतात. तिला ते हवंय. तिला हवंय म्हणूनच ते तिच्या बाजूचं असलं पाहिजे.

म्हणून आमचं म्हणणं सरळ. पोराच्या पानावर जात, वस्ती, आरटीई लिहायचं नाही. त्याच्याबद्दल जे लिहाल ते आईबापांना दाखवायचं, त्यांना कळेल त्या भाषेत, आणि खोटं असेल ते खोडायचं. पोराने मनातलं लिहिलं तर ते पोराचं, वर्गाचं नाही, कंपनीचं तर नाहीच. अ‍ॅप नको म्हणणाऱ्याला कागदाची वही चालली पाहिजे, त्यासाठी मार्क कापायचे नाहीत. शाळा सोडली की दाखला द्या आणि बाकीचं पुसा.

पुढच्या पालकसभेला ताई एकटी जाणार नाही. रमाबाई नगरातून आपण जायचं. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीवाल्यांनी आपापल्या शाळेत जायचं. मोर्चा नको, दगड नको. बाकावर बसायचं आणि एकच विचारायचं : माझ्या लेकराच्या पानावर काय लिहिलंय? उघडा. दाखवा.

दाखवेपर्यंत उठायचं नाही.

जय भीम.