छात्रांच्या जखमा नियमांत बसत नाहीत

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अर्थात एनडीए, आणि डेहराडूनची भारतीय लष्करी प्रबोधिनी यांसारख्या संस्थांत प्रशिक्षण घेताना कायमचे अपंगत्व आलेल्या तरुणांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने केंद्र सरकार व तिन्ही सेनादलांकडे विचारणा केली आणि वर्षानुवर्षे फायलींमध्ये अडकून पडलेला हा विषय ऐरणीवर आला. त्यानंतर सरकारने काही पावले उचलली. तथापि, मूळ दुखण्यावर इलाज झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

१९८५ पासून सुमारे ५०० छात्रांना वैद्यकीय कारणास्तव प्रशिक्षण सोडावे लागल्याची माहिती न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी प्रसिद्ध झाली होती. एकट्या एनडीएतून २०२१ ते जुलै २०२५ या काळात सुमारे २० छात्रांना घरी परतावे लागले. घोडेस्वारी, मुष्टियुद्ध, अडथळ्यांची शर्यत, जलतरण हा प्रबोधिनीतील नित्यक्रम. त्यातील एखादी दुखापत मणक्यावर किंवा मेंदूवर आघात करून गेली, तर विशीही न ओलांडलेल्या तरुणाचे आयुष्य अंथरुणाला खिळते.

कमिशनची सीमारेषा

प्रश्नाचे मूळ सेवेच्या व्याख्येत आहे. जवान म्हणून नावनोंदणी झालेला तरुण त्या क्षणापासून सैन्य कायद्याच्या कक्षेत येतो. अधिकारी होऊ पाहणारा छात्र मात्र कमिशन मिळेपर्यंत नियमांच्या दृष्टीने सेवेत नसतोच. त्यामुळे प्रशिक्षणात तो जायबंदी झाल्यास त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत नाही. मिळते ते सानुग्रह अनुदान. हक्क आणि अनुग्रह यांतील हे अंतर केवळ शब्दांचे नाही.

सातव्या वेतन आयोगानंतरचे आकडे पाहिले म्हणजे ते स्पष्ट होते. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या छात्राला महागाई भत्ता वगळता दरमहा ९,००० रुपये सानुग्रह रक्कम आणि १६,२०० रुपये अपंगत्व साह्य, म्हणजे एकूण २५,२०० रुपये मिळतात. याउलट कमिशन मिळाल्यावर सेवेमुळे तितकेच अपंगत्व आलेल्या लेफ्टनंटचा हिशेब ५६,१०० रुपये मूळ वेतन आणि १५,५०० रुपये लष्करी सेवावेतन धरून होतो. त्याच्या पन्नास टक्के सेवा घटक आणि तीस टक्के अपंगत्व घटक मिळून दरमहा ५७,२८० रुपये होतात. महागाई भत्ता यातही वेगळा. दुखापत पासिंग आउट परेडच्या आदल्या आठवड्यात झाली की नंतरच्या, एवढ्यावरून आधार निम्म्याहून खाली येतो. सतत मदतनीसाची गरज असल्यास छात्राला ६,७५० रुपयांचा परिचर भत्ता मिळतो. परंतु अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चोवीस तास शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा पगार शहरात या रकमेत भागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पैशांपलीकडचे नुकसानही मोठे आहे. माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने सरकारी नोकऱ्यांतील माजी सैनिकांसाठीच्या राखीव जागांचा मार्ग बंद होतो. एनडीएतील तीन वर्षे पूर्ण केल्यावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. दुसऱ्या वर्षी जायबंदी झालेला छात्र ना अधिकारी होतो, ना पदवीधर.

सरकारची भूमिका आणि तिच्या मर्यादा

निकष सैल केल्यास दाव्यांचा पूर येईल, ही धास्ती सरकारी यंत्रणेला असते आणि तिला काही आधारही आहे. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांना अपंगत्वाचे लाभ मिळत असल्याकडे महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये लक्ष वेधले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षण मंत्रालयाने पात्रतेचे नवे नियम लागू केले. मात्र हा युक्तिवाद छात्रांना लावता येत नाही. त्यांची निवड लष्करी वैद्यकीय मंडळाच्या कसून तपासणीनंतरच होते. दुखापत प्रबोधिनीच्या आवारात, प्रशिक्षकांच्या देखत होते आणि उपचारांच्या नोंदी लष्करी रुग्णालयात असतात. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात मान्य केले. सैनिकाला लागू होणारे हे तर्कशास्त्र छात्राच्या बाबतीत अधिकच चपखल ठरते.

खर्चाची सबबही टिकत नाही. सर्व ५०० छात्रांना साह्याची कमाल रक्कम, म्हणजे महागाई भत्त्यासह दरमहा सुमारे ४०,००० रुपये मिळतात असे धरले, तरी वर्षाचा खर्च २४ कोटींवर जात नाही. तो दुप्पट करायचा तर आणखी २४ कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण निवृत्तिवेतनाची तरतूद १ लाख ६० हजार कोटी रुपयांहून अधिक होती. त्या तुलनेत ही वाढ टक्क्याच्या साठाव्या हिश्श्याइतकीही नाही.

पुढचे पाऊल

जानेवारी २०२४ मध्ये या छात्रांना माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन योजनांचा लाभ देण्यास मान्यता मिळाली. न्यायालयाने दखल घेतल्यानंतर २९ ऑगस्ट २०२५ रोजी माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेची दारेही एकरकमी वर्गणी माफ करून त्यांच्यासाठी उघडली. हे निर्णय स्वागतार्ह असले, तरी त्यांतील दुसऱ्या निर्णयाला न्यायालयाची वाट पाहावी लागावी, हे व्यवस्थेला भूषणावह नाही.

आता तीन गोष्टी व्हायला हव्यात. मासिक साह्य लेफ्टनंटच्या वेतनाशी जोडून त्याला हक्काचे स्वरूप द्यावे. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून पुरेसे विमासंरक्षण द्यावे. उपचारांनंतर फेरतपासणी करून, जे काम करू शकतात त्यांना शिक्षण पूर्ण करण्याची आणि सैन्याच्या प्रशासकीय कामात सामावण्याची संधी द्यावी. न्यायालयानेही पुनर्वसनाचा हाच रोख धरला होता. १९१७ पासून अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकीचेच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र अशी अनुभवी यंत्रणा एनडीएच्या पुण्यातच उभी आहे. तिच्याशी या छात्रांची अधिकृत सांगड घालणे अवघड नाही.

देशासाठी धोका पत्करण्याची शिकवण प्रबोधिनीत पहिल्या दिवसापासून दिली जाते. त्या धोक्याची जबाबदारी मात्र सरकार कमिशनच्या दिवसापासून घेते. ही दोन दिवसांतील दरी बुजवणे हा उपकार नसून कर्तव्य आहे.