थेंब की सुई? : रुग्णास उत्तर देण्यापूर्वी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की रुग्ण आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येऊन विचारतो, “डॉक्टरसाहेब, डोळ्याला सुई देतील की नुसते थेंब घालतील?” ‘थेंबच उत्तम’ असे सांगून आपण त्याची बोळवण करतो. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात लिंगनाशाच्या वेधनानंतर शिंक, खोकला, ढेकर व कंप वर्ज्य सांगितले आहेत. वेदनाशमनाइतकेच नेत्राच्या निश्चलतेचे महत्त्व त्यांनी जाणले होते. बधिरीकरणाच्या पद्धती आजही याच दोन कसोट्यांवर पारखाव्यात.

कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी नेत्र बधिर करता येतो हे सिद्ध केले. आजच्या प्रोपॅराकेनसारख्या थेंबांनी वेदना शमते व सुईचे धोके टळतात. मात्र डोळ्याची हालचाल थांबत नाही. रुग्णाला स्वतःच स्थिर राहावे लागते. रेट्रोबल्बर सुईने नेत्र बधिर व निश्चल होतो. पण नेत्रगोलामागे रक्तस्राव, नेत्रगोलास छिद्र किंवा दृष्टिनाडीस इजा असे विरळ परंतु गंभीर उपद्रव संभवतात. पेरिबल्बर पद्धतीत औषध स्नायूंच्या शंकूबाहेर सोडल्याने हे भय कमी होते, नाहीसे होत नाही. सब-टेनन पद्धतीत बोथट नळी वापरल्याने तीक्ष्ण सुईचा धोका बराच टळतो. लहान मुलांना बहुधा संपूर्ण भूलच द्यावी लागते.

म्हणजे श्रेष्ठ पद्धत एकच नाही. ती रुग्णागणिक ठरते. निवड नेत्रशल्यचिकित्सकाची, परंतु त्यासाठी लागणारी माहिती वर्षानुवर्षे रुग्णाला पाहणाऱ्या आपल्याजवळ असते. बहिरेपणा, कंपवात, स्मृतिभ्रंश, जुना कास, तीव्र लघुदृष्टी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आपण दिलेली औषधेसुद्धा एका चिठ्ठीवर लिहून द्यावीत. त्या गोळ्या परस्पर बंद करण्याचा सल्ला मात्र कदापि देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंना एक कळकळीची विनंती. डोळा ठणकतो म्हणून कोणी भुलेचे थेंब मागितल्यास ते देऊ नयेत. त्यांच्या वारंवार वापराने कृष्णमंडलाचा व्रण भरत नाही, उलट चिघळतो. आणि वेदना दबल्यामुळे रुग्ण गाफील राहतो. शस्त्रक्रियागृहात जे वरदान, तेच घरी दृष्टी हिरावू शकते.